कानात सांगायचं नाव

सिनेमा सुटला तेव्हा रात्रीचे साडेबारा होऊन गेले होते. सव्वातीन तास थ्रीडी चष्मा लावून माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना वळ उठले होते आणि बाहेर आल्यावर कॉलेज रोडवरचे दिवे पिवळट, दमलेले वाटत होते. डिसेंबरअखेरची नाशिकची थंडी. माझी भाची स्वेटरच्या बाह्या बोटांवरून पुढे ओढून, हात छातीशी धरून उभी होती. दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर असताना वहिनीने तिला रात्रीच्या खेळाला सोडलं, कारण मी पुण्याहून मुद्दाम आले होते, आणि सिनेमा तिसरा 'अवतार' होता. पहिला 'अवतार' आला त्याच महिन्यात, डिसेंबर २००९ मध्ये, ती जन्मली. त्यामुळे हे सिनेमे आपल्या नात्यातले आहेत असं ती लहानपणापासून धरून चालते. "ह्याचं नाव 'द सीड बेअरर' असणार होतं ना आत्या," ती म्हणाली. "इतकी वर्षं सगळे तेच धरून बसले होते. मग ते नाव आता कुठं गेलं?" मी म्हटलं, नावं बदलतात गं. ती थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली आणि मग त्याच सुरात म्हणाली, "माझंही आधी दुसरंच ठरलं होतं ना? आई एकदा मावशीशी बोलत होती, तेव्हा ऐकलंय मी."

"रिक्षा बघ आधी, गारठशील," मी म्हणाले.

तिने रिक्षा थांबवली. घर येईपर्यंत ती सिनेमातल्या लढाईबद्दल बोलत होती, मी हुंकार भरत होते. तो प्रश्न तिने परत विचारला नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. सोळा वर्षांची मुलगी आपल्याच नावाबद्दल काही विचारते आणि मी तिला रिक्षा दाखवते.

ही नावांची यादी तिच्या हाती मीच दिली होती. २०१८ च्या नोव्हेंबरात बीबीसीने बातमी दिली की 'अवतार'च्या येणाऱ्या चार भागांची नावं त्यांच्या हाती लागली आहेत: 'द वे ऑफ वॉटर', 'द सीड बेअरर', 'द टुल्कुन रायडर' आणि 'द क्वेस्ट फॉर एवा'. दिग्दर्शक जेम्स कॅमेरनने त्यावर इतकंच सांगितलं की ही नावं विचारात आहेत, पक्कं काही नाही. तेव्हा ती नववं वर्ष पुरं करत होती. मी फोनवर तिला चारही नावं वाचून दाखवली आणि तिने ती गृहपाठाच्या वहीच्या शेवटच्या पानावर देवनागरीत, ऐकू आली तशी उतरवून घेतली. पुढे वह्या बदलल्या. दर जूनला नव्या वहीच्या शेवटच्या पानावर ती यादी पुन्हा उतरवली गेली, नव्या खुणांसह. आता ती 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १'च्या वहीत आहे.

त्या चार नावांवर जगभरच्या चाहत्यांनी किती शब्द खर्च केले असतील! कुणी म्हणालं, इतकी बाळबोध नावं खरी असूच शकत नाहीत. कुणी म्हणालं, बाळबोध आहेत म्हणूनच खरी. कॅमेरनचं सगळं असंच सरळ असतं. 'सीड बेअरर' म्हणजे कोण, बी वाहून नेणारा की नेणारी, आणि बी कसलं, झाडाचं की वंशाचं, यावर माणसं हिरिरीने बोलत होती. मीही त्यात होते. मुद्रितशोधन हे माझं पोटापाण्याचं काम. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ तपासते, आणि म्हणून असेल, एखादा सुटा शब्द हाती लागला की मला तो सोडवत नाही. 'टुल्कुन' ऐकल्याबरोबर मला तिबेटी 'टुल्कू' आठवला. टुल्कू म्हणजे पुन्हा देह धारण करून आलेला लामा, जवळजवळ अवतारच. चौथ्या भागात पुनर्जन्माची गोष्ट असणार असं मी भाचीला अगदी ठासून सांगितलं होतं. चार वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा कळलं, टुल्कुन म्हणजे पँडोराच्या, 'अवतार' जिथे घडतो त्या चंद्राच्या, समुद्रातले देवमाशासारखे प्रचंड, शहाणे, गाणारे जीव. माझा तर्क साफ चुकला होता. तरीही पायाकान नावाचा तो वाळीत टाकलेला टुल्कुन पडद्यावर पाण्याबाहेर आला तेव्हा मला आतून वाटलं की याला मी चार वर्षांपासून ओळखते. चुकीच्या का होईना, पण नावाने मी त्याची वाट पाहिली होती.

वाट. मराठीत हा शब्द किती सुंदर आहे. चालायची तीही वाट आणि पाहायची तीही वाटच. २०२२ च्या एप्रिलमध्ये लास व्हेगासला दुसऱ्या भागाचं नाव अधिकृतपणे जाहीर झालं आणि यादीतलं पहिलं नाव खरं निघालं. भाचीचा फोन आला, आवाज फुटला होता तिचा: "आत्या, आलं! तेच आलं!" नंतर आम्ही दोघी अर्धा तास फोनवर 'द वे ऑफ वॉटर'ला मराठीत काय म्हणायचं यावर बोलत बसलो. पाण्याची रीत? पाण्याची चाल? ती म्हणाली, पाण्याची वाट. मी म्हटलं, त्याचा अर्थ टँकरची वाट पाहणं असाही होईल. ती म्हणाली, मग होऊ दे की, तेरा वर्षं वाटच तर बघितली सगळ्यांनी. बारा वर्षांच्या मुलीचं ते बोलणं ऐकून मी खिडकीशी गप्प उभी राहिले होते.

मग २०२४ चा ऑगस्ट. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या मेळाव्यात कॅमेरनने तिसऱ्या भागाचं नाव सांगितलं: 'फायर अँड ॲश'. सहा वर्षं लोक ज्या नावाबरोबर राहिले ते नाहीच. 'सीड बेअरर'वर किती जणांनी मनातल्या मनात एक अख्खा सिनेमा उभा केला होता! भाचीने तर बी म्हणजे किरीच असं ठरवूनच टाकलं होतं. सिनेमातल्या त्या अबोल, मातीशी बोलणाऱ्या मुलीवर तिचा फार जीव. नवं नाव ऐकून ती हिरमुसली. मी मात्र त्या नावापाशी वेगळ्याच कारणाने थांबले. आग म्हणजे राग आणि हिंसा, राख म्हणजे त्यामागून येणारं दुःख, असं कॅमेरनने त्याचं स्पष्टीकरण दिलं होतं. नाशिकच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. देशभरातून माणसं रामकुंडावर येतात ती हातात काय घेऊन येतात ते इथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. आणि आपल्याकडे राखेला एक नाव कुठे आहे? चुलीतली ती राख, कपाळाला लावतो तो अंगारा, बैराग्याच्या अंगावरची विभूती, आणि आपल्या माणसाची असते ती रक्षा. बाबांची रक्षा घेऊन आम्ही गेलो तेव्हा पहाटेचं पाणी इतकं गार होतं की दादाची बोटं आखडली आणि कलशावर बांधलेलं फडकं सुटेना. भाची तेव्हा दहा वर्षांची होती. तिने दातांनी गाठ सोडवली. ते नाव जाहीर झालं त्या दिवशी मी तिला फोनवर एवढंच म्हणाले, "ॲश म्हणजे रक्षा समजून बघ." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "चांगलं आहे नाव."

तरी तिचा प्रश्न शिल्लकच राहतो. टाकून दिलेलं नाव जातं कुठं?

विज्ञानपटांच्या दुनियेतला यावरचा सगळ्यात मोठा किस्सा 'स्टार वॉर्स'चा आहे आणि तो मला अजूनही हलवतो. १९८३ साली आलेल्या तिसऱ्या सिनेमाचं नाव आधी 'रिव्हेंज ऑफ द जेडाय' असं जाहीर झालं होतं. पोस्टरं छापली गेली, झलक थिएटरांत दाखवली गेली. आणि मग प्रदर्शनाला काही महिने उरले असताना, १९८२ संपता संपता, जॉर्ज लुकासने नाव बदललं: 'रिटर्न ऑफ द जेडाय'. कारण जेडाय, म्हणजे त्या गोष्टीतला व्रतस्थ योद्धा, सूड घेत नाही. सूड त्याच्या धर्मातच बसत नाही. उरलेली पोस्टरं फॅन क्लबच्या सभासदांना विकली गेली आणि संग्राहक आज ती जिवापाड जपतात. एका शब्दाची चूक म्हणजे काय असतं ते मला माझ्या कामामुळे ठाऊक आहे. अख्खा फर्मा छापून झाल्यावर सापडलेल्या चुकीने पोटात जो गोळा येतो, तो तिथेही कुणाच्या तरी पोटात आला असेल. पण त्याहून मला ती चाहत्यांची अवस्था कळते, ज्यांनी महिनोन् महिने 'सूड' हा शब्द तोंडात घोळवला, कोण कुणाचा सूड घेणार यावर मित्रांशी तावातावाने वाद घातले, आणि एके दिवशी त्यांना सांगण्यात आलं की सूड नव्हताच कधी, परत येणं होतं. त्याच सिनेमाचं चित्रीकरण चालू असताना बाहेरच्यांना सुगावा लागू नये म्हणून 'ब्लू हार्वेस्ट' या खोट्या नावाने काम केलं गेलं. कामगारांच्या टोप्यांवरही तेच छापलेलं. एका सिनेमाची तीन नावं: एक लपवण्यापुरतं, एक चुकलेलं आणि एक खरं.

या चुकलेल्या नावाने आणखी एका नावाचा बळी घेतला होता. त्याच सुमाराला 'स्टार ट्रेक'चा दुसरा सिनेमा बनत होता. निकोलस मायर या दिग्दर्शकाच्या मनात 'द अनडिस्कव्हर्ड कंट्री' हे नाव होतं. हॅम्लेटच्या स्वगतातले ते शब्द आहेत, मृत्यूबद्दलचे: जिथून कुणी परत येत नाही असा अज्ञात मुलुख. त्या सिनेमात एक अत्यंत लाडकं पात्र मरतं, त्यामुळे नाव नेमकं होतं. स्टुडिओने ते बदलून 'द व्हेंजन्स ऑफ खान' केलं. पण तिकडे जेडायचा सूड येऊ घातलेला. दोन दोन सूड कसे चालतील? म्हणून जून १९८२ मध्ये तो 'द रॅथ ऑफ खान' या नावाने पडद्यावर आला. आणि नंतर लुकासने सूड शब्द सोडूनच दिला! मायरचं नाव मात्र मेलं नाही. नऊ वर्षांनी, १९९१ मध्ये, त्यानेच दिग्दर्शित केलेल्या 'स्टार ट्रेक'च्या सहाव्या सिनेमाला तेच नाव मिळालं, आणि या वेळी अज्ञात मुलुखाचा अर्थ झाला भविष्यकाळ. लुकासच्या 'रिव्हेंज'लाही २००५ मध्ये घर मिळालं, 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये. सिथ म्हणजे जेडायचे वैरी. सूड ज्यांना शोभतो त्यांच्याच नावात तो गेला. या दोन गोष्टी पहिल्यांदा कळल्या तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी कुणालातरी सांगायला हवं म्हणून शेजारच्या काकूंना सांगितल्या. त्यांनी कडीपत्ता निवडता निवडता नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे नाव वाया नाही गेलं."

आणि जिथे नाव पक्कं असतं तिथेही ते उघडं होत नाही. २०१७ च्या जानेवारीत 'द लास्ट जेडाय' हे नाव जाहीर झालं तेव्हा चाहते भांडत होते ते जेडाय एक की अनेक यावर. इंग्रजीत कळायला मार्गच नाही. आधीच्या सिनेमाच्या सुरुवातीच्या मजकुरात ल्यूक स्कायवॉकरलाच शेवटचा जेडाय म्हटलं होतं, म्हणून एक. पण मग ती नवी मुलगी, रे, तिचं काय, म्हणून अनेक. फेब्रुवारीत फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश नावं बाहेर आली आणि तिन्ही भाषांत अनेकवचन निघालं! भाषेच्या व्याकरणाने गुपित फोडलं म्हणून केवढा जल्लोष झाला. पुढे दिग्दर्शक रायन जॉन्सनने सांगितलं की त्याच्या मनात ते एकवचनच आहे. त्या वेळी मी ते नाव मराठीत करून पाहिलं होतं. शेवटचा जेडाय. शेवटची जेडाय. शेवटचे जेडाय. आणि लक्षात आलं की 'शेवटचे' म्हटलं की एकही असू शकतो आणि अनेकही, कारण आपण आदराने एकट्या माणसालाही अनेकवचनात हाक मारतो. 'बाबा आले' म्हणतो तेव्हा बाबा एकच असतात. वेगवेगळे तर्क बांधून बसलेले ते सगळे चाहते मराठीत एकाच शब्दात मावले असते. रात्रीचा दीड वाजला होता आणि टेबलावर दुसऱ्याच दिवशी द्यायची प्रुफं पडून होती, पण त्या एका मात्रेने माझं मन भरून आलं होतं.

आता मी ज्याभोवती फिरते आहे तिथे येते. बारसं बाराव्या दिवशी होतं. नाव दादा-वहिनीने ठरवलेलं आणि फक्त मला सांगितलेलं, कारण कानात सांगणारी मी होते, आत्या. पाळण्याला निशिगंधाच्या माळा, खोलीत शेपा-ओव्याच्या धुरीचा आणि वेखंडाचा वास, स्वयंपाकघरात घुगऱ्यांचे हरभरे भिजत पडलेले. आदल्या दिवशी सकाळी मामेबहिणीचा फोन आला आणि तिने लाडीगोडी लावली, सांग ना गं, उद्या कळणारच आहे. मी सांगितलं. मला ते नाव इतकं आवडलं होतं की ते एकदा मोठ्याने म्हणून बघायचं होतं. दुपारपर्यंत ते पुण्याला, साताऱ्याला, ठाण्याला पोचलं. संध्याकाळी घरातला फोन वाजत राहिला. कुणाला ते जुनाट वाटलं, कुणाला उच्चाराला जड, कुणाला अगदी छान, आणि बाळ आत दुपट्यात मूठ वळून झोपलेलं, अकरा दिवसांचं, त्याला अजून धड कुणी बघितलेलंही नाही. मग दादाच्या चुलत काकूंनी आठवण काढली की या नावाची मुलगी आपल्या घरात होऊन गेली, देवीच्या साथीत गेली. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. वहिनी भिंतीकडे तोंड करून रडत होती. रात्री उशिरा दादाने दुसरं नाव लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली, माझ्याकडे न बघता. दुसऱ्या दिवशी 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळाला पाळण्याखालून वरून दिलं, मी तिच्या कानाशी वाकले, कुर्रर्र केलं, ते चिठ्ठीतलं नाव सांगितलं आणि बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. बुक्के घालायची रीतच आहे. मला मात्र त्या दिवशी ते पटत होते.

विरजण लावलेलं भांडं सारखं उघडून बघायचं नसतं. हे मला समजतं, आणि म्हणून कुठल्याही सिनेमाचं नाव फुटल्याची बातमी आली की आधी मला त्या बनवणाऱ्यांची कणव येते. त्यांना ते नाव अंधारात आणखी थोडं मुरू द्यायचं असेल. कदाचित ते गुपचूप बदलणारही असतील, जसं आपण रात्री उठून एक ओळ खोडतो. आणि तरीही मी ती बातमी वाचते, भाचीला सांगते, आम्ही दोघी शब्दांचा कीस पाडतो. कारण जे अजून आलेलं नाही त्यावर माया करायला हातात दुसरं असतं काय? त्या संध्याकाळी फोनवर भांडणारे माझे नातेवाईकही त्या मुलीवर माया करत होते. मला हे कळायला फार वर्षं लागली. दादाला ते तेव्हाच कळलं असावं, कारण त्याने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही.

सकाळी ती गच्चीत उन्हाला पाठ देऊन बसली होती, मांडीवर वही. मी चहाचे दोन कप घेऊन वर गेले. तिने शेवटचं पान उघडून मला दाखवलं: 'वे ऑफ वॉटर'समोर बरोबरची खूण, 'सीड बेअरर'वर आडवी रेघ, आणि खाली दोन नावं नुसतीच, त्यांच्यापुढे २०२९ आणि २०३१, म्हणजे पुढच्या भागांची जाहीर झालेली वर्षं. "टुल्कुन रायडर टिकेल असं वाटतं तुला?" तिने विचारलं. मी कप कठड्यावर ठेवला. तिच्या शेजारी बसले आणि वाकून तिच्या कानात ते नाव सांगितलं. कुणी ठरवलं होतं, कुणी फोडलं, का बदललं, तेही सगळं सांगितलं. त्या देवीच्या साथीत गेलेल्या मुलीचंही.

तिने ते नाव एकदा हलक्या आवाजात म्हणून बघितलं. मग आडनाव जोडून. मग माझ्याकडे वही सरकवली.

"पहिलं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ?"

मी सांगितलं. तिने ते यादीच्या तळाशी, नीट शिरोरेघ ओढून लिहिलं, आणि खूण न करता पेनाचं टोपण लावलं.